गडाचे अभ्यंग

दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला करण्याची आम्हा पुण्याकडच्या मंडळींची हौस झाडीपट्टीत फारशी आढळत नाही. तिकडची दिवाळी निराळी. गाईगोधन होते, गोवारी नाचतात, आणि भाऊबीज उलटली की गावोगावच्या मंडया भरू लागतात. दंडारीचा ढोल मग रात्र रात्र थांबत नाही. गेल्या दिवाळीला मी गोंदियाला ताईकडे गेलो, तेव्हा तिच्या नऊ वर्षांच्या नातवाला किल्ला करायला शिकविण्याचे काम माझ्याकडे आले. दगड जमविले, विटांचे तुकडे आणले, गोणपाट भिजविले, चिखल तुडविला. तटाभोवती पेरायला ताईच्या डब्यातले मूठभर अळीवही मिळविले. सगळी सिद्धता झाल्यावर मी सवयीने म्हणालो, "चल, सिंहगड करू."

पोरगे माझ्याकडे पाहत म्हणाले, "आजोबा, सिंहगड तुमचा. आमच्या इथला कोणता?"

वाचकहो, प्रश्न साधा होता. पण सह्याद्रीच्या अंगाखांद्यावर वाढलेल्या माणसाला तो चांगलाच लागला. महाराष्ट्राचे किल्ले म्हटले की आमची नजर घाटमाथ्याच्या पूर्वेला फार तर दौलताबादेपर्यंत पोहोचते. वैनगंगेच्या काठी, धानाच्या बांध्यांपलीकडे, कोणी कधी तट बांधले असतील आणि त्या तटांवर कोणी कधी मेले असेल, हे आमच्या ध्यानीही येत नाही.

मी म्हणालो, "तुमच्या इथला म्हणजे कामठा."

ताई हसली. कामठा गोंदियाहून हाकेच्या अंतरावर. लहरी आश्रमाच्या निमित्ताने ती तेथे कितीदा तरी जाऊन आलेली. गोंदियाकरांच्या तोंडी आज कामठ्याचे नाव येते ते या आश्रमामुळेच. पण तेथे कधीकाळी लढाई झाली होती, हे चाळीस वर्षे या भागात संसार केलेल्या माझ्या बहिणीच्या कानावरूनही गेलेले नव्हते. मग त्या रात्री फराळाची ताटे बाजूला सारून मला ती हकीगत सांगावी लागली.

१८१७ च्या नोव्हेंबरात, २६ आणि २७ या दोन दिवसांत, नागपूरच्या सीताबर्डीच्या टेकडीवर भोसल्यांची फौज इंग्रजांशी लढली आणि हरली. पुढच्या वर्षी इंग्रजांनी अप्पासाहेब भोसल्यांना कैद करून अलाहाबादेकडे रवाना केले. पण १३ मे १८१८ च्या पहाटे जबलपूरच्या अलीकडे पहारेकऱ्यांच्या हातावर तुरी देऊन अप्पासाहेब निसटले आणि महादेवाच्या डोंगरात, गोंडांच्या आश्रयाला गेले. इंग्रजांनी इकडे नागपूरच्या गादीवर एका अल्पवयी मुलाला बसविले. तोच तिसरा रघूजी. राज्याचा कारभार मात्र रेसिडेंट जेंकिन्सच्या हाती.

राजा रानात आहे, ही बातमी मुलखात पसरायला वेळ लागला नाही. वैनगंगेच्या पूर्वेकडे तिचा पहिला भडका उडाला तो कामठ्यात. कामठ्याची जमीनदारी मोठी, आणि तेव्हाचा जमीनदार चिमणा पटेल हा कुणबी घराण्यातला. हारलेल्या राजाची बाजू घेणे म्हणजे सर्वस्वावर पाणी सोडणे, हे त्याला कळत नसेल असे नाही. तरी त्याने अप्पासाहेबांचा पक्ष घेतला. सप्टेंबरात कॅप्टन गॉर्डनची तुकडी कामठ्यावर चालून आली. दिवस पावसाळ्याच्या अखेरचे. बांध्या पाण्याने भरलेल्या, नाले दुथडी, पायाखाली सगळा चिखल. हल्ला चढवून गॉर्डनने कामठा घेतले आणि चिमणा पटेल पकडला गेला. जमीनदारी त्या घराण्याकडून काढून एका लोधी घराण्याला देण्यात आली. अप्पासाहेब पुढे अशीरगडाकडे गेले, तेथून उत्तरेत गेले, आणि १८४० मध्ये जोधपूरला परक्याच्या आश्रयात वारले. ज्यांच्यासाठी कामठ्याने सारे पणाला लावले, ते कामठ्याला परत आलेच नाहीत.

पोरगे गप्प बसून ऐकत होते. दुसऱ्या दिवशी आम्ही त्याला कामठ्याला घेऊन गेलो. हलके धान कापणीला आले होते, बांधावर बगळे उभे होते. परंतु सपाटीवरच्या त्या गावात त्याच्या मनातला किल्ला काही उभा राहीना. त्याला डोंगर हवा, चढण हवी, बुरूज हवा. म्हणून त्याच मुलखातल्या, जुन्या भंडारा जिल्ह्यातल्या एका डोंगरी किल्ल्याकडे मोर्चा वळविला. गोंदिया जिल्हा भंडाऱ्यातून वेगळा झाला तो १९९९ मध्ये. किल्ल्यांना या वाटण्यांचे सोयरसुतक नसते.

हा किल्ला अंबागड. आगगाडीने तुमसर रोड, आणि तुमसरपासून उत्तरेला सुमारे १३ किलोमीटर. तुमसर म्हणजे तांदळाची पेठ आणि मँगेनीजचा मुलूख. ते मागे पडले की सातपुड्याच्या पायथ्याच्या टेकड्या सुरू होतात. गावाच्या डोक्यावर झाडीने गच्च भरलेला डोंगर दिसतो, आणि त्या झाडीत कोठे तट आहे हे आधी सांगावे लागते, मगच दिसते.

देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद हा मोठा कर्तबगार पुरुष. नागपूर शहर वसविले ते त्यानेच, १७०२ च्या सुमारास. त्याच्या पदरचा राजाखान पठाण या सरदाराने त्याच काळात अंबागड बांधला. गोंड राजाचा मुलूख, पठाणाची देखरेख आणि पुढे मराठ्यांचा अंमल, अशी तीन घराण्यांची वस्ती या एका डोंगराने पाहिली. पहिल्या रघूजी भोसल्यांनी देवगडचे राज्य आपल्या हाताखाली घेतले तेव्हा अंबागडही भोसल्यांकडे आला. त्यांनी त्याचा उपयोग केला तो मुख्यतः तुरुंग म्हणून. पुढे इंग्रजी अंमल आला. अशा दूरच्या डोंगरी ठाण्यांवर शिबंदी ठेवण्याचे कारण मग कोणालाच उरले नाही.

गेल्या काही वर्षांत वर जायला पायऱ्या झाल्या आहेत, थोडीफार दुरुस्तीही झाली आहे. तरी पायरी सोडून दोन पावले बाजूला गेलात की रानाचे राज्य सुरू होते. खाली साग, ऐन आणि मोह. वर तटाशी सीताफळाची गर्दी. सीताफळाला पडक्या दगडधोंड्यांची जागा फार मानवते, म्हणून आपल्याकडच्या कोणत्याही ओसाड गडावर ते हमखास भेटते. गंमत अशी, की हे झाड मूळचे अमेरिकेतले; पोर्तुगीजांच्या गलबतांतून ते हिंदुस्थानात आले. त्याच्या शेजारी ती काटेरी, रंगीत फुलांची रायमुनिया. पुण्याकडे आम्ही तिला घाणेरी म्हणतो. तिला इंग्रजांनी १८०९ च्या सुमारास कलकत्त्याच्या कंपनीच्या बागेत शोभेसाठी म्हणून आणले. तिने बाग सोडली आणि देशभर पसरली. कंपनीची पलटण एकदा आली, जिंकली आणि निघून गेली. ही दुसरी पलटण मात्र मागाहून चालत आली आणि बुरुजांवर ठाण मांडून बसली ती अजून हललेली नाही.

खरा घाव घातला आहे तो मात्र आपल्याच देवाच्या झाडांनी, वड, पिंपळ आणि उंबर यांनी. पिंपळाचे बी मोहरीहूनही लहान. हरियल किंवा बुलबुल फळ खातो, तटावर येऊन बसतो, आणि विष्ठेबरोबर ते बी दगडांच्या सांध्यात पडते. सांध्यातला चुना पावसाचे पाणी धरून ठेवतो, तेवढी ओल त्या बीला पुरते. पहिल्या वर्षी दोन पाने. तेव्हा ते रोपटे पाच वर्षांचे पोरही चिमटीने उपटील. दहा वर्षांनी त्याला कुऱ्हाड लागते. पन्नास वर्षांनी मुळी मांडीएवढी होते आणि तोफेला न फुटलेला तट दुभंगतो. मग झाड तोडायचीही पंचाईत. कारण फोडलेले दगड आता त्याच मुळांनी धरून ठेवलेले असतात. कंबोडियातील ता प्रोम हे ११८६ सालचे देऊळ जगभरचे प्रवासी पाहायला जातात ते याचसाठी. तेथली प्रचंड झाडे काढली तर भिंती कोसळतील, आणि ठेवली तर हळूहळू त्याच भिंती गिळतील. अंबागडच्या एका कोपऱ्यावर तसाच एक पिंपळ मी पाहिला. त्याने बुरूज फोडला आहे आणि त्यानेच तो उभाही ठेवला आहे.

बालेकिल्ल्यात एक भुयारी विहीर आहे. गावातले एक म्हातारेबुवा वाट दाखवायला आमच्याबरोबर आले होते. पोर आत डोकवायला गेले तसा त्यांनी त्याचा हात धरला. "तिकडं नको जाऊ बाबू," ते म्हणाले, "ते पानी कैद्याईनं पेलं होतं जी!"

जुन्या गॅझेटियरातही हीच आख्यायिका नोंदलेली आहे. कैद्यांना या विहिरीचे विषारी पाणी प्यायला लावीत आणि ते झुरून मरत. मी काठाशी उभा राहून पाहिले. आत अंधार, वर वटवाघळांची कुजबुज, आणि उबट दमट वास. मला वाटते, या पाण्यात कोणी विष कालविण्याची गरज नव्हती. जेथे ऊन नाही, वारा नाही आणि उपसा नाही, ते पाणी आपणच नासते. हिवताप आणि हगवण यांनी मग बाकीचे काम केले असेल. राजाने हात लावायचा नाही, पाण्याने मारायचे, आणि दोष कोणाचाच नाही! आपल्या इतिहासातल्या या गोष्टी आपण फुलबाज्यांच्या उजेडात पोरांना सांगत नाही. पण गड म्हणजे केवळ पराक्रम नव्हे, हेही त्यांना केव्हातरी कळले पाहिजे. त्या अंधारात मेलेल्या एकाचेही नाव आपल्यापाशी उरलेले नाही.

उतरताना आम्ही एका पायरीवर विसावलो. पोराने विचारले, "आजोबा, हा किल्ला कोणी पाडला?"

उत्तर द्यायला मला जरा वेळ लागला. रामचंद्रपंत अमात्यांनी अठराव्या शतकाच्या आरंभी आज्ञापत्र लिहिले. त्यातले दुर्गांचे प्रकरण वाचताना एक गोष्ट मनात भरते. गडाच्या घेऱ्यातली झाडी त्यांना हवी आहे. ती राखावी, वाढवावी, कारण ती गडाची राखण आहे. पण तटावर उगवणारी झाडे मात्र दर वर्षी काढून टाकावी, गवत जाळून तट मोकळा करावा, असा त्यांचा दंडक आहे. मोठमोठ्या मोहिमा पाहिलेला तो मुत्सद्दी पुरुष एका रोपट्याची चिंता करतो! वर्षातून एकदा आपण अंगाला तेल-उटणे लावून अभ्यंगस्नान करतो, तसेच हे गडाचे अभ्यंग. ते ज्या वर्षी चुकले, त्या वर्षी गडाची मृत्युपत्रिका लिहिली गेली. पडायला मग शंभर वर्षे लागोत की दोनशे.

म्हणून मी पोराला सांगितले, "हा कोणी पाडला नाही रे. दर वर्षी रोपटे उपटणारा माणूस इथून निघून गेला, एवढेच."

बोलून गेलो आणि मलाच कामठे आठवले. आठवणींचेही असेच नाही का? चिमणा पटेलाचे नाव कोणी पुसले नाही. कोणी त्याच्यावर तोफा डागून ते उडविले नाही. मागल्या पिढीने पुढल्या पिढीला सांगण्याचे एक वर्ष चुकले, मग दुसरे चुकले, आणि त्या गावावरून रोज जाणाऱ्या घरात दोनशे वर्षांनी ते नाव परके झाले. रानाला दोष देण्यात अर्थ नाही. रान रिकामी जागा भरते, तो त्याचा धर्मच आहे. उलट या रानाने अंबागडवर उपकारच केले म्हणायचे. वस्तीतल्या गढ्यांचे दगड घराच्या पायात जातात, माती शेतात जाते. झाडीने वेढलेल्या तटाकडे कोणी गाड्या घेऊन फिरकले नाही, म्हणून आज दाखवायला तो तेथे आहे.

गोंदियाला परतलो तो मंडईच्या ढोलांचा आवाज लांबून येत होता. अंगणातला किल्ला पोराने दुसऱ्या दिवशी मोडला आणि नव्याने रचला. सिंहगडाचा कल्याण दरवाजा गेला, त्या जागी भुयारी विहीर आली. तिच्या तोंडावर त्याने एक पणती ठेवली. का ठेवली, ते मी विचारले नाही.

मी पुण्याला निघालो त्या सकाळी अळीव चांगले बोटभर वाढले होते. पोरगे उकिडवे बसून तटावर उगवलेले अंकुर एकेक करून चिमटीने काढत होते. घेऱ्यातल्या हिरवळीला मात्र त्याने हात लावला नव्हता. ताई आतून हाक मारीत होती, "अरे, आंघोळीला चल, पाणी निवतेय!"

"थांब ना आजी," तो मान वर न करता म्हणाला, "आधी किल्ल्याची होऊ दे."