आईच्या पाटल्या आणि वीस रुपये भाडं

परवा नातवाचा फोन आला. नोकरी लागून त्याला दोनच वर्षं झालीत. "आजी, कर्ज काढून छोटा फ्लॅट घेतो आणि भाड्याने देतो. हप्ता भाड्यातूनच फिटेल." मला हसू आलं. अगदी हेच आमच्या दादांनी (वडिलांना आम्ही दादा म्हणत असू) १९५८ साली आईला ऐकवलं होतं.

दादा पुण्यात कारकून. त्या काळी साध्या पगारदाराला घरासाठी बँक सहसा दारात उभं करत नसे. घरकर्ज देणारी एचडीएफसी निघाली ती १९७७ साली. त्याआधी आधार सहकाराचा. १९०४ साली पतसंस्थांचा कायदा झाला, १९१२ च्या कायद्याने इतर सहकारी संस्थांनाही वाट मिळाली आणि १९१५ साली मुंबईत गावदेवीला सारस्वत मंडळींनी सहकारी गृहनिर्माण संस्था काढली. एकट्याची ऐपत नसली तरी दहाजणांची पत एकत्र येते, इतकी साधी ही गोष्ट. दादांनाही कचेरीतल्या पतपेढीने दोन सहकाऱ्यांच्या जामिनावर पंधराशे रुपये दिले. बाकीच्यासाठी थोडी शिल्लक मोडली, आईच्या पाटल्या गेल्या. चार खोल्या झाल्या. दोनांत आम्ही सहाजण, दोन भाड्याने, प्रत्येकी वीस रुपये. पगडी घ्यायला कायद्याची बंदी होती, ती दादांनी पाळली.

पतपेढीचे हप्ते भाड्यातून फिटले. दादांचा हिशेब तिथपर्यंत बरोबर होता. पुढे आडवा आला १९४७ चा भाडेनियंत्रण कायदा. जागांच्या टंचाईत भाडेकरूंची लूट होऊ नये म्हणून भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर बांधली होती. त्यानंतर प्रथमच दिलेल्या जागेचं पहिलं भाडं तेच प्रमाण भाडं. तात्पुरता म्हणून आलेला कायदा मुदतवाढ घेत घेत अर्धं शतक टिकला. १९८४ साली आमच्या छपराला चार हजार लागले, म्हणजे दोन्ही खोल्यांचं आठ वर्षांहून जास्त भाडं! डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशी गोठवलेली भाडी अवाजवी ठरवली. ३१ मार्च २००० पासून नवा कायदा आला, वर्षाला चार टक्के वाढ देणारा. वीस रुपयांचे चार टक्के म्हणजे ऐंशी पैसे. दादा तोवर नव्हते.

भाडेकरू मात्र वाईट नव्हते हो. दादा गेले तेव्हा तेरा दिवस आमचं जेवण त्यांच्याच घरून आलं. कायद्याने त्यांचं छप्पर राखलं, हेही खरंच.

नातवाला मी नाही म्हटलं नाही. आता लीव्ह अँड लायसन्सचा करार असतो, ती भीती कमी. पण कागद घेऊन बसायला लावलं. समजा चाळीस लाखांचा फ्लॅट, तीस लाख कर्ज, साडेआठ टक्के व्याज, वीस वर्षं. हप्ता सुमारे सव्वीस हजार. भाडं किमतीच्या तीन टक्के धरलं तर महिना दहा हजार. उरलेले सोळा हजार कुठून? वरचे दहा लाख कोणाचे? आणि भाडेकरू मिळाला नाही त्या महिन्यांत काय?

तो म्हणाला, "आईबाबा देतील थोडे."

मी त्याला पाटल्यांची गोष्ट सांगितली. आईने पुढे जन्मभर काचेच्या बांगड्या घातल्या. तक्रार कधी केली नाही. पण दादांच्या वहीत विटा, चुना, सुताराची मजुरी, सगळं पै-पैसह लिहिलेलं आहे. पाटल्या तेवढ्या कुठेच नाहीत.