कपाळावरची हिरवी टिकली

गोंदण म्हटले की साहित्याच्या वाचकाला प्रथम स्मृती आठवते. शान्ता शेळके यांच्या १९७५ च्या कवितासंग्रहाचे नावही 'गोंदण'च आहे. प्रतिमा सुंदर आहे खरी. मात्र तिच्यामागे सुई आहे, रक्त आहे आणि प्रसंगी सक्तीही आहे, हे आपण सहज विसरतो.

कोल्हापूरच्या आसपासच्या खेड्यांत म्हाताऱ्या बायकांच्या कपाळावर, हनुवटीवर, हातांवर हिरवट नक्षी अजूनही दिसते. तुळस, विंचू, लक्ष्मीची पावले, नुसतेच ठिपके. गोंदणारीण दिव्याच्या काजळीत पाल्याचा रस खली, दोनचार सुया एकत्र बांधी आणि टोचत जाई, वरून हळद. काजळी काळी असली तरी ती कातडीच्या आतल्या थरात बसते आणि वरच्या थरातून पाहताना निळी-हिरवी भासते. वरची कातडी झडत राहते, आतली काजळी जागची हलत नाही. इतर दागिने मेल्यावर काढून घेतात, गोंदण तेवढे सोबत येते, ही बायकांची समजूत या अर्थाने अगदी वस्तुनिष्ठ होती.

पण न पुसले जाणे हे नेहमीच वरदान नसते. सटवाई कपाळी लिहिते ते कुणाला वाचता येत नाही. माणसांनी लिहिलेले मात्र सगळ्यांना वाचता येते. ईस्ट इंडिया कंपनीने बंगाल प्रांतात १७९७ च्या नियमाने जन्मठेपेच्या कैद्यांच्या कपाळावर त्यांचा गुन्हा गोंदवण्याची शिक्षा सुरू केली. सरकारी कागदपत्रांत तिला 'गोदना' असेच म्हटले आहे. लोकांच्या दागिन्याचे नाव सरकारने कलंकासाठी उचलले! १८४९ मध्ये ही शिक्षा रद्द झाली. ज्यांच्या कपाळावर ती लिहिली गेली होती त्यांची सुटका अर्थातच झाली नाही.

याच कपाळावर आपल्याकडे बाईचे सौभाग्य लिहिले जाई, आणि नवरा गेला की ते पुसले जाई. कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र आणि जोडवी काढणे: विधवेच्या अंगावरून एकेक खूण उतरवण्याचा हा विधी. गोंदलेल्या टिकलीपुढे मात्र तो थांबे. ती काही विधवेला अभय देण्यासाठी काढलेली नव्हती, हे मान्य. तरीही ज्या बाईचे कुंकू पुसले गेले तिच्या कपाळावर हिरवा ठिपका उरे, आणि त्याचे काय करावे याचे उत्तर कोणत्याही शास्त्राजवळ नव्हते. लोकसंस्कृतीच्या अभ्यासकांनी या ठिपक्याकडे नक्षी म्हणून पाहिले तितके या अडचणीच्या बाजूने पाहिले नाही, असे आम्हांला वाटते.

कायद्याला मात्र कोल्हापुरात या प्रश्नाची दखल लवकर घ्यावी लागली. छत्रपती शाहू महाराजांनी १९१७ मध्ये आपल्या संस्थानात विधवांच्या पुनर्विवाहाला कायद्याचा आधार दिला. विवाहाची वाट मोकळी झाली. कपाळ पुसण्याची रीत पुढेही शंभर वर्षे टिकली. मे २०२२ मध्ये याच जिल्ह्यातील शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने ठराव करून विधवा प्रथा बंद केल्या, आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना तसे करण्यास सांगितले. ठरावात कुंकू आहे, बांगड्या आहेत, मंगळसूत्र आहे, जोडवी आहेत. गोंदण नाही, ते कुणी पुसत नव्हतेच.