बाबिलोनी मृत्तिकापट्टिकेवरील दोहोंचें वर्गमूळ

अमेरिकेंतील येल विद्यापीठाच्या बाबिलोनी संग्रहांत ७२८९ क्रमांकाची एक वाटोळी मातीची पाटी आहे. तिचा व्यास सुमारें ८ सेंटिमीटर, काळ इ. स. पूर्व १८०० ते १६०० या दरम्यानचा. नॉयगेबावर व साक्स यांनीं ती १९४५ सालीं प्रसिद्ध केली. तिजवर एक चौरस व त्याचे दोन कर्ण काढले असून बाजूपाशीं ३०, कर्णावर १, २४, ५१, १० व त्याखालीं ४२, २५, ३५ एवढेच अंक कीलाक्षरांत आहेत. शब्द एकहि नाहीं.

बाबिलोनी गणना षष्टिमानाची होती. पूर्णांक कोठें संपला हें दाखविणारें चिन्ह त्या लिपींत नसे. तें वाचणारानें प्रसंगावरून जाणावयाचें. वरच्या ओळींतील १ हा पूर्णांक व पुढील अंक अनुक्रमें साठांश, छत्तीसशेंअंश इत्यादि मानिले तर १·४१४२१२९६ ही संख्या येते. दोहोंचें वर्गमूळ १·४१४२१३५६. एक किलोमीटर बाजूच्या चौरसाच्या कर्णांत हा फरक मिलिमीटरभरहि भरत नाहीं! याच संख्येनें ३० ला गुणिलें असतां नेमके ४२, २५, ३५ येतात. सबब वाचनाविषयीं शंका उरत नाहीं.

शंका आहे ती रीतीविषयीं. अंदाजानें एक मूळ घ्यावें, त्यानें मूळ संख्येस भागावें, आणि भाजक व भागाकार यांचें मध्यमान घ्यावें, अशी ‘बाबिलोनी रीत’ पुष्कळ ग्रंथांत सांगितलेली असते. परंतु ती स्पष्ट शब्दांत सांगणारा हेरॉन हा इसवी सनाच्या पहिल्या शतकांतला. पाटीवर रीत मुळींच नाहीं. बर्लिन येथील एका पट्टिकेवर ४० उंचीच्या व १० रुंदीच्या दरवाजाचा कर्ण काढतांना रुंदीच्या वर्गास उंचीच्या दुपटीनें भागून, आलेले सव्वा उंचींत मिळविले व सव्वाएकेचाळीस हें उत्तर दिलें आहे. म्हणजे वरील रीतीची एक पायरी तरी त्या लोकांस अवगत होती, एवढें साधार म्हणतां येतें. शिवाय १, २४, ५१, १० हा अंक येल येथीलच गुणकांच्या एका यादींत चौरसाच्या कर्णाचा गुणक म्हणून दिलेला आहे. तेव्हां आपली पाटी ज्या हातानें लिहिली त्यानें वर्गमूळ काढलें नसून, पाढ्यांतला आंकडा घेऊन केवळ गुणाकार केला असावा, असें आम्हांस वाटतें. असल्या वाटोळ्या पाट्या बहुधा विद्यार्थ्यांच्याच असत.

बौधायनाच्या शुल्बसूत्रांतील मान १ + १/३ + १/१२ − १/४०८, म्हणजे ५७७/४०८ होय. दीडापासून आरंभून मध्यमानाची रीत दोनदां केली कीं हाच अपूर्णांक येतो. षष्टिमानांत तो १. २४, ५१, १०, ३५ असा होतो. शेवटचे ३५ सोडले कीं पाटीवरील अंक मिळतो, आणि एवढ्यावरून एकानें दुसऱ्याचें उसनें घेतलें असा तर्क करण्याचा मोह होतो. पण ३५ हे साठांच्या निम्म्याहून अधिक; जवळचा अंक घ्यावयाचा तर १० च्या जागीं ११ हवे होते. उलट खरें वर्गमूळ त्याच मानांत लिहिलें तर १० नंतर ७ येतात, व ते सोडणें सर्वथा योग्य ठरतें. शिवाय शुल्बसूत्रांतील मान खऱ्या मूळाहून किंचित् अधिक आहे, बाबिलोनी मान किंचित् उणें.