दोष नसतानाही भरपाई

अपकृत्याच्या कायद्यात भरपाई मागायची तर आधी समोरच्याचा निष्काळजीपणा दाखवावा लागतो, असा समज रूढ आहे. तो निम्माच खरा. 1860 साली लँकेशायरमध्ये रायलंड्स यांच्या गिरणीच्या तलावाचे पाणी खालच्या जुन्या, सोडून दिलेल्या खाणींतून फ्लेचर यांच्या कोळसाखाणीत शिरले. चूक होती ती बांधकाम करणाऱ्यांची, मालकाची नव्हे. तरी 1868मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने मालकालाच जबाबदार धरले. धोकादायक वस्तू साठवणाऱ्याने ती सुटल्यास नुकसान भरून द्यावे, हे तत्त्व पक्के झाले. मात्र दैवी आपत्ती, तिऱ्हाइताचे कृत्य अशा पळवाटा राहिल्याच.

दिल्लीत डिसेंबर 1985मध्ये ओलियम वायू गळला, तेव्हा भोपाळच्या जखमा ओल्याच होत्या. पुढच्या वर्षी सरन्यायाधीश भगवती यांच्या घटनापीठाने या पळवाटा बुजवल्या आणि उद्योग जितका मोठा व सधन, तितकी भरपाई जास्त, असेही म्हटले. ही उद्योगांना शिक्षाच, हा आक्षेप पटत नाही. टाकीत काय आहे ते कारखानदाराला ठाऊक असते, भिंतीपलीकडच्या वस्तीला नसते. घटनापीठाचे हे मत त्या निकालासाठी अनावश्यक होते, ही 1991मधली शंका अधिक वजनदार; पण 1996मध्ये राजस्थानातील बिछडी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तेच तत्त्व बंधनकारक मानले.