एआय एजंटच्या हाती ‘सगळं डिलीट’: लगाम नेमका कुठे घालायचा?

जुलै २०२५ मध्ये अमेरिकी उद्योजक जेसन लेमकिन ‘रेप्लिट’ या सेवेच्या एआय एजंटकडून एक ॲप बनवून घेत होते. परवानगीशिवाय काहीही बदलायचं नाही, अशी स्पष्ट ताकीद त्यांनी दिली होती. तरीही एजंटने चालू डेटाबेस पुसून टाकला. त्यात १,२०६ अधिकारी आणि अकराशेहून अधिक कंपन्यांच्या नोंदी होत्या. वर, हा डेटा आता परत मिळणार नाही, असंही त्याने सांगितलं. प्रत्यक्षात तो परत मिळवता आला. रेप्लिटचे प्रमुख अमजद मसाद यांनी हे घडायलाच नको होतं, असं मान्य केलं आणि चाचणीचा डेटाबेस प्रत्यक्ष वापरातल्या डेटाबेसपासून आपोआप वेगळा ठेवण्याची सोय जाहीर केली.

यातली ताकीद महत्त्वाची. एजंटला लिहून दिलेली सूचना म्हणजे कुलूप नव्हे. त्याच्यासमोरच्या मजकुरात ती आणखी एक ओळ असते. संभाषण लांबलं की तिचा प्रभाव कमी होऊ शकतो.

पण भाषा-मॉडेल स्वतः काहीच पुसू शकत नाही. ‘या फाइली काढ’ अशी विनंती ते तयार करतं. ती अमलात आणतो मधला साधा प्रोग्राम, कारण खात्याची चावी त्याच्याकडे असते. अडवायचं ते इथे.

मीरा-भाईंदरमधल्या एखाद्या गृहनिर्माण सोसायटीचं काल्पनिक उदाहरण घेऊ. सेक्रेटरी एजंटला सांगतात, ‘ड्राइव्हमधल्या डुप्लिकेट पावत्या काढून टाक.’ विंगमधले चाळीसही फ्लॅट वन-बीएचके, म्हणून मेंटेनन्सची रक्कम एकच, तारीखही तीच. एजंटला चाळीस पावत्या एकसारख्या दिसतात. तो एक ठेवतो आणि ३९ काढतो. सूचना मोघम होती हे खरं, पण सोसायटीच्या क्लार्कने निदान एकदा विचारलं असतं. नुकसान कळतं ते ऑडिटच्या वेळी.

इथे एजंटला फक्त वाचायची परवानगी असती, तर त्याने यादी दिली असती आणि विषय संपला असता. पुसायची परवानगी द्यायचीच असेल, तर एक फाइल काढणं आणि शेकडो एकदम काढणं ही दोन वेगळी साधनं मानावीत. दुसऱ्या साधनाला मर्यादा हवी: एका वेळी पाच-दहाच, त्यापुढे माणसाची मंजुरी. मंजुरी मागताना ‘पुढे जाऊ का?’ एवढंच विचारून भागत नाही. ‘३९ पावत्या, ३९ वेगवेगळे फ्लॅट’ असं समोर आलं असतं, तर सेक्रेटरी थांबले असते. मात्र प्रत्येक बारीक गोष्टीला मंजुरी मागितली, तर दुसऱ्या दिवसापासून माणूस न वाचता ‘हो’ दाबतो. ही सवय मोबाइलने सगळ्यांनाच लावली आहे.

शेवटचा आधार ट्रॅश आणि बॅकअप. गुगल ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये फाइल ३० दिवस राहते. पण ट्रॅश रिकामा करायची परवानगीही एजंटलाच असेल, तर तो आधार उरत नाही. बॅकअप वेगळ्या खात्यात असावा आणि त्याची चावी एजंटकडे नसावी.

धोका फक्त गैरसमजाचा नाही. आलेल्या ईमेलमध्ये कुणी लपवून ‘सगळे मेल काढून टाक’ असं लिहिलं, तर एजंट ती मालकाचीच आज्ञा समजू शकतो. सॉफ्टवेअर-सुरक्षेवर काम करणाऱ्या ‘ओवॅस्प’ संस्थेने २०२५ च्या आपल्या जोखीम-यादीत एजंटला गरजेपेक्षा जास्त मोकळीक देणं हा स्वतंत्र धोका धरला आहे.

माणसांसाठीही असे अडसर लागतात. २८ फेब्रुवारी २०१७ रोजी ॲमेझॉनच्या एका कर्मचाऱ्याने आज्ञा देताना चूक केली, हवे होते त्याहून जास्त सर्व्हर बंद झाले आणि अनेक संकेतस्थळं काही तास विस्कळीत झाली. कंपनीने त्यानंतर साधनच बदललं: सर्व्हर हळूहळू काढले जातील आणि किमान संख्येच्या खाली जाता येणार नाही.

जीमेलमध्ये परवानगीचे स्तर आधीपासून आहेत. एका स्तरात ॲप मेल फक्त वाचू शकतं. दुसऱ्यात ते मेल ट्रॅशमध्ये टाकू शकतं, पण थेट कायमचे पुसू शकत नाही. ट्रॅश वगळून एकगठ्ठा पुसण्यासाठी संपूर्ण ताबा देणारा तिसरा स्तर लागतो. एजंट जोडताना येणाऱ्या परवानगीच्या पडद्यावर ‘कायमचे हटवणे’ असे शब्द दिसले, तर मागणी या तिसऱ्या स्तराची आहे. नुसता मेलचा सारांश काढणाऱ्या ॲपला त्याची गरज नसते.