अंतर्दर्शनाची विद्या आणि तिचा अध्यापक

वेड पांघरून पेडगांवास जाण्याची म्हण मराठी माणसास लहानपणापासून ठाऊक असते. त्या म्हणींतलें पेडगांव म्हणजे भीमेकांठचें, बहादूरगडाचें, असें समजण्याचा प्रघात आहे. प्रस्तुत लेखांत आम्हांस अभिप्रेत असलेलें पेडगांव तें नव्हे. परभणीहून मनमाडकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, परभणी सोडल्यावर लागणारें, काळ्या जमिनीच्या मुलखांतलें हें दुसरें पेडगांव होय. मुंबई-पुण्यापासून दूर असलेल्या अशा गांवांतील आईबापांच्या दृष्टीनें एका आधुनिक विद्येचा इतिहास पाहावा, असा आमचा विचार आहे. ती विद्या म्हणजे शरीर न कापतां त्याच्या आंत पाहण्याची विद्या. तिचे इतिहास पुष्कळ लिहिले गेले आहेत. पण त्यांत बहुधा यंत्रें शोधून काढणारांचीं चरित्रें असतात. यंत्र हातीं आल्यावर त्यानें दाखविलेल्या चित्राचा अर्थ लावणारे, व तो अर्थ इतरांस शिकविणारे जे अध्यापक, त्यांचें नांव या इतिहासांत क्वचितच येतें. ही उणीव आमच्या मतें लहान नाहीं. आणि ती लहान कां नाहीं, हेंच येथें सांगावयाचें आहे.

आरंभाची कथा सुप्रसिद्ध आहे. ८ नोव्हेंबर १८९५ रोजीं जर्मनींतील वुर्त्सबुर्ग येथें प्राध्यापक विल्हेल्म राँटगेन हे काळ्या कागदानें झांकलेल्या एका निर्वात नळींतून वीज सोडून प्रयोग करीत असतां, कांहीं अंतरावरील रासायनिक लेपाचा पडदा अंधारांत चमकूं लागला. कागद भेदून जाणारा हा किरण कोणता, हें न कळल्यामुळें बीजगणितांत अज्ञात राशीस जें अक्षर लावतात तेंच त्यांनीं त्यास लावलें. मराठींत त्याचा 'क्ष-किरण' झाला. २२ डिसेंबरास त्यांनीं पत्नीच्या हाताचें छायाचित्र घेतलें. त्यांत मांस नाहींसें होऊन बोटांचीं हाडें आणि एक आंगठी एवढेंच उरलें होतें. या शोधाचे हक्क राँटगेन यांनीं राखून ठेवले नाहींत, म्हणून तो झपाट्यानें पसरला. १८९७-९८ सालच्या तिराहच्या मोहिमेंत बीव्हर नांवाच्या लष्करी शस्त्रवैद्यानें हिंदुस्थानच्या वायव्य सरहद्दीवर हें यंत्र नेलें, आणि जखमी शिपायांच्या अंगांतील गोळ्या त्याच्या साह्यानें हुडकल्या. १९०१ सालीं पदार्थविज्ञानाचें पहिलें नोबेल पारितोषिक राँटगेन यांस मिळालें.

परंतु या किरणांचें मोल द्यावें लागतें, हें जगास सावकाश कळलें. एडिसन यांचा साहाय्यक क्लॅरेन्स डॅली हा या किरणांत सतत हात धरून धरून कर्करोगानें १९०४ सालीं मरण पावला. १९३६ सालीं हॅम्बुर्ग येथें अशा बळी पडलेल्या वैद्यांचें व शास्त्रज्ञांचें स्मारक उभारलें गेलें, तेव्हां त्यावर १६९ नांवें कोरलेलीं होतीं. हे सर्व यंत्र चालविणारे लोक होते. ज्यांच्यावर यंत्र चालविलें जाई त्यांचा हिशेब व्हावयास आणखी वीस वर्षें लागलीं. इंग्लंडांत डॉ. अ‍ॅलिस स्ट्यूअर्ट या विदुषीनें १९५६ व १९५८ सालीं असें दाखवून दिलें कीं, गरोदरपणीं ज्या मातांचीं क्ष-किरणचित्रें घेतलीं गेलीं, त्यांच्या मुलांत कर्करोगाचें प्रमाण अधिक आढळतें. तिच्या म्हणण्यास प्रथम पुष्कळांनीं नाकें मुरडलीं. पण शेवटीं वैद्यकास तें मानावें लागलें.

येथून या इतिहासास निराळें वळण लागतें. मूल म्हणजे लहान आकाराचा मोठा माणूस नव्हे. त्याच्या पेशी वाढत्या असतात, म्हणून त्यांस इजा लवकर होते. आणि त्याच्यापुढें सारें आयुष्य असल्यामुळें ती इजा उगवून वर यावयास अवधिही भरपूर मिळतो. १९७१ सालीं लंडनमध्यें गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या सी.टी. यंत्रावर पहिल्या रोग्याची तपासणी झाली. डोक्याच्या आंतील भाग थरांथरांनीं दाखविणारी ती युक्ति इतकी मोलाची ठरली कीं, १९७९ सालीं तिच्यासाठीं नोबेल पारितोषिक देण्यांत आलें. पण सी.टी. हेंही क्ष-किरणांचेंच यंत्र. लहानपणीं अशी तपासणी झालेल्या सुमारें पावणेदोन लक्ष ब्रिटिश तरुणांची माहिती २०१२ सालीं प्रसिद्ध झाली. दहा वर्षांखालील मुलांच्या डोक्याच्या दर दहा हजार तपासण्यांमागें पुढील दहा वर्षांत रक्ताच्या कर्करोगाचा एक व मेंदूंतील गांठीचा एक असे जादा रोगी होतात, असा अंदाज तींत केला होता. हा धोका फार मोठा नाहीं. पडून डोक्यास मार लागलेल्या मुलाचें सी.टी. टाळणें हेंच कित्येकदां अधिक घातक ठरेल. तात्पर्य एवढेंच कीं, 'काढून ठेवूं या एक चित्र' या वृत्तीस मुलांच्या बाबतींत जागा नाहीं.

क्ष-किरणांवांचून आंत पाहतां येईल काय? या प्रश्नाचें एक उत्तर ध्वनीनें दिलें. ग्लासगोचे प्रसूतितज्ज्ञ इयन डोनल्ड यांनीं १९५८ सालीं ऐकूं न येणाऱ्या ध्वनिलहरींनीं पोटांतील चित्र काढण्याची रीत प्रसिद्ध केली. तीच आजची सोनोग्राफी. दुसरें उत्तर चुंबकानें दिलें. ब्लॉक व पर्सेल या दोघा अमेरिकन शास्त्रज्ञांनीं १९४६ सालीं अणुकेंद्रांचा चुंबकीय अनुनाद पाहिला, व १९५२ सालीं त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें. ब्लॉक यांच्याजवळ काम केलेले धर्मट्टी यांनीं १९५० नंतरच्या दशकांत मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत या शास्त्राची प्रयोगशाळा उभी केली, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणाच्या लक्षांत नसते. त्या अनुनादापासून चित्र काढण्याची कल्पना लॉटरबर यांनीं १९७३ सालीं मांडली. मॅन्सफील्ड यांनीं तीस वेग दिला. आणि २००३ सालीं या दोघांचा नोबेल पारितोषिकानें गौरव झाला.

या यंत्राचें तत्त्व थोडक्यांत असें आहे. आपलें शरीर बव्हंशीं पाण्याचें, आणि पाण्यांतील हायड्रोजनचें प्रत्येक केंद्र हें एक चिमुकलें लोहचुंबक. नेहमींच्या एम.आर.आय. यंत्राचें चुंबकक्षेत्र दीड टेस्ला, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राच्या सुमारें तीस हजार पट असतें. त्यांत शिरतांच या असंख्य चुंबकांचा कल एका दिशेकडे होतो. मग रेडिओलहरींचा क्षणिक झोत सोडून त्यांस कलते करावयाचें, आणि तीं पुन्हा सांवरत असतां त्यांच्याकडून जो क्षीण संदेश येतो तो टिपावयाचा. सांवरण्याचा हा वेळ चरबींत निराळा, स्नायूंत निराळा, सुजेंत निराळा. या फरकांतूनच चित्र तयार होतें. यांत क्ष-किरणांचा लेशही नसतो. तेव्हां मुलांसाठीं हेंच यंत्र, असें वाटणें साहजिक आहे.

पण अडचण अशी कीं, मूल स्वस्थ निजत नाहीं. १९७७ सालीं माणसाच्या छातीचें पहिलें चित्र घेण्यास जवळ जवळ पांच तास लागले होते. पुढें ते तास मिनिटांवर आले, तरी श्वास चालतो, हृदय उडतें, आंतडीं हलतात, आणि बोगद्यासारख्या यंत्रांतील ठणठणाटानें मूल रडूं लागतें. म्हणून त्यास गुंगीचें औषध द्यावें लागतें, आणि त्या औषधाचाही धोका असतोच. एक धोका टाळावयास जावें तों दुसरा पुढें उभा! यावर उपाय म्हणजे चित्र अधिक जलद घेणें. येथें यंत्र बनविणाराची करामत संपते व तें जाणून वापरणाराची सुरू होते. कारण झोत केव्हां व किती सोडावयाचा, मध्यें किती थांबावयाचें, हे क्रम शेंकडों प्रकारचे असतात, आणि कोणत्या रोग्यास कोणता क्रम योग्य, हें यंत्र सांगत नाहीं.

ज्या अध्यापकाच्या कार्याकडे आम्ही वाचकांचें लक्ष वेधूं इच्छितों, त्याचें कार्य नेमकें या ठिकाणचें आहे. डॉ. गोविंद चव्हाण यांचें नांव मराठी कानांस परकें वाटणार नाहीं. त्यांच्या लेखांवर टोरोंटो येथील मुलांच्या सुप्रसिद्ध इस्पितळाचा निर्देश असतो. कॅनडांतील हें इस्पितळ १८७५ सालीं अकरा खोल्यांच्या एका भाड्याच्या घरांत सुरू झालें होतें. २००८ सालीं 'रेडिओग्राफिक्स' या अध्यापनास वाहिलेल्या नियतकालिकांत चव्हाण यांनीं टोरोंटोचे सहकारी व मुंबईचे डॉ. भाविन जांखरिया यांच्यासह एक विस्तृत लेख लिहिला. त्याचा विषय 'स्थिरावस्थेचे' क्रम हा होता. नेहमींच्या रीतींत अणुकेंद्रें पुरतीं सांवरेपर्यंत थांबावें लागतें. या रीतींत न थांबतां झोतामागून झोत सोडतात. थोड्याच वेळांत केंद्रांचें चुंबकत्व एका ठराविक तोलावर येऊन ठेपतें, आणि मग प्रत्येक झोतागणिक भरपूर संदेश मिळूं लागतो. हालत्या हृदयाचें व आंतड्यांचें चित्र त्यामुळें थोड्या वेळांत हातीं येतें.

हे क्रम चव्हाण यांनीं शोधून काढले असें नव्हे. अडचण निराळीच होती. एकच क्रम एका कारखान्याच्या यंत्रावर 'ट्रू-फिस्प', दुसऱ्याच्या यंत्रावर 'फिएस्टा' व तिसऱ्याच्या यंत्रावर 'बॅलन्स्ड एफ.एफ.ई.' या नांवानें वावरतो. कारखाने आपापल्या मालास नांवें देतात, आणि विद्यार्थी मात्र एका वस्तूस तीन वस्तु समजून बसतो. चव्हाण व त्यांच्या सहकाऱ्यांनीं या क्रमांचें वर्गीकरण केलें, त्यांमागील पदार्थविज्ञान उलगडलें व कोणता कोठें उपयोगी तें सांगितलें. ज्यास पाणिनीय परंपरेचा थोडासाही परिचय आहे, त्यास अशा वर्गीकरणाचें मोल पटवून देण्याची गरज नाहीं.

दुसऱ्या वर्षीं, १९०९ च्या नव्हे तर २००९ च्या अंकांत, याच पद्धतीनें त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं 'टी-टू-स्टार' या विषयाची मांडणी केली. शरीरांत कोठें लोह साठलें असल्यास तेथील चुंबकक्षेत्र विस्कटतें व संदेश अकालीं विझतो. तो किती मिलिसेकंदांत विझतो यावरून लोहाचें मान काढतां येतें. थॅलेसेमियाच्या मुलास जन्मभर दुसऱ्याचें रक्त घ्यावें लागतें. त्या रक्तांतील लोह यकृतांत व हृदयांत सांचत जाऊन अखेर हृदय बंद पाडतें. पूर्वीं यकृतांतील लोह मोजण्यासाठीं सुई खुपसून त्याचा तुकडा काढावा लागे. आतां हेंच काम चुंबकानें होतें. हृदयाचें मान वीस मिलिसेकंदांखालीं गेलें कीं वैद्य सावध होतो व लोह उतरविण्याचें औषध वाढवितो. ज्या घरांत असें मूल आहे त्या घरास हा आंकडा किती मोठा असतो, हें सांगावयास नको.

परंतु चव्हाण यांचें आम्हांस सर्वांत महत्त्वाचें वाटणारें काम म्हणजे त्यांचें एक क्रमिक पुस्तक. नवशिक्यांसाठीं लिहिलेलें 'एमआरआय मेड ईझी' हें त्यांचें पुस्तक दिल्लीच्या जेपी प्रकाशनानें काढलें, आणि २०१३ सालीं त्याची दुसरी आवृत्ति निघाली. विद्वान् लोक बालबोध पुस्तकांकडे तुच्छतेनें पाहतात. पण महाराष्ट्रांत नव्या विद्येचा पाया ज्यांनीं घातला, त्या बाळशास्त्री जांभेकरांनीं शाळेंतल्या मुलांसाठीं पुस्तकें लिहिण्यांत कमीपणा मानला नव्हता. ज्यास विषय पुरता कळला आहे त्यालाच तो सोपा करून सांगतां येतो.

मराठवाड्यास या गोष्टीचें महत्त्व विशेष आहे. १९४८ च्या सप्टेंबरापर्यंत परभणी निजामाच्या राज्यांत होती, आणि मराठवाड्यांतलें पहिलें वैद्यकीय महाविद्यालय औरंगाबादेस निघावयास १९५६ साल उजाडलें. पुढें यंत्रें आलीं. पण यंत्र विकत घेतां येतें, तें जाणणारा मनुष्य घडवावा लागतो. चित्राचा अर्थ नीटसा न कळतां तो कळल्याचा आव आणणें, हेंही एक वेड पांघरणेंच होय. आणि त्याचें शासन मात्र पेडगांवच्या मुलास होतें.

ज्ञानाबरोबर विवेक नसला तर काय घडतें, तेंही या महाराष्ट्रानें पाहिलें आहे. गर्भास जी सर्वांत निरुपद्रवी म्हणून सोनोग्राफी पुढें आली, तीच मुलीचा गर्भ ओळखून पाडण्यासाठीं वापरली गेली. त्याविरुद्ध देशांतला पहिला कायदा १९८८ सालीं महाराष्ट्रानें केला, व १९९४ सालीं सबंध देशासाठीं कायदा झाला. तरीही सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागें मुलींची संख्या महाराष्ट्रांत १९९१ सालीं ९४६ होती, ती २००१ सालीं ९१३ व २०११ सालीं ८९४ झाली. यंत्र तेंच, फरक पडला तो तें कोणाच्या हातीं आहे व तो त्यास काय विचारतो, यानें.

म्हणून आम्हांस वाटतें कीं, या विद्येच्या इतिहासांत राँटगेन व हाउन्सफील्ड यांच्या शेजारीं तिच्या अध्यापकांसही एक पान मिळावें. आणि आईबापांनींही वैद्यास नम्रपणें तीन प्रश्न विचारावे : ही तपासणी हवीच काय, सोनोग्राफीनें काम भागेल काय, आणि पूर्वीं काढलेलीं चित्रें पाहिलीं आहेत काय? चांगल्या अध्यापकाच्या हाताखालीं तयार झालेला वैद्य या प्रश्नांनीं रागावत नाहीं. बहुधा विचारण्यापूर्वींच त्यानें त्यांचीं उत्तरें मनाशीं शोधलेलीं असतात.