नाडीविहीन रुग्ण आणि हृदयशस्त्रक्रियेतील भूल : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

भूलशास्त्राच्या इतिहासात ईथर व क्लोरोफॉर्म यांची चर्चा विपुल आढळते. रुग्णाच्या मनगटावर ठेवलेल्या बोटांची मात्र क्वचितच. बोस्टन येथे वैद्यकाचे विद्यार्थी असलेल्या हार्वे कुशिंग व अर्नेस्ट कॉडमन यांनी १८९४-९५ च्या सुमारास भूल दिलेल्या रुग्णाच्या नाडीची नोंद तक्त्यावर ठेवण्यास प्रारंभ केला. १९०१ मध्ये कुशिंग यांनी इटलीतील पाव्हिया येथे रिव्हा-रोच्ची यांचे रक्तदाबमापक पाहिले व ते अमेरिकेत नेले. मनगट आणि दंड हे भूलतज्ज्ञाचे दोन आधार अशा रीतीने निश्चित झाले.

१९०८ मध्ये जपानी नेत्रतज्ज्ञ मिकितो ताकायासू यांनी एका तरुणीच्या दृष्टिपटलावरील रक्तवाहिन्यांची विलक्षण कडी वर्णिली. त्यावरील चर्चेत ओनिशी व कागोशिमा यांनी तशाच रुग्णांना मनगटाची नाडी लागत नसल्याचे नमूद केले. महाधमनी व तिच्या शाखा दाहाने जाड व अरुंद करणारा हा विकार प्रामुख्याने तरुण स्त्रियांना होतो.

हृदयशस्त्रक्रियेत त्याची खरी कसोटी लागते. दाहामुळे महाधमनीची झडप गळू लागते किंवा हृदयधमन्यांची मुखे अरुंद होतात, आणि शस्त्रक्रिया अटळ ठरते. अशा वेळी दंडावरील आकडा कमी दिसला, तरी महाधमनीतील प्रत्यक्ष दाब धोकादायक इतका जास्त असू शकतो. तो आकडा खरा मानून दाब वाढविणारे औषध दिल्यास मेंदूत रक्तस्राव संभवतो. उलट मानेच्या धमन्या अरुंद असल्याने दाब थोडा उतरला तरी मेंदूचा रक्तपुरवठा खुंटतो. श्वासनलिकेत नळी घालताना मान फार मागे ताणणेही इष्ट नव्हे.

१९५३ हे वर्ष या दृष्टीने लक्षणीय होय. ६ मे रोजी फिलाडेल्फिया येथे जॉन गिबन यांनी हृदय-फुप्फुस यंत्राच्या साहाय्याने शस्त्रक्रिया यशस्वी केली. त्याच वर्षी स्वीडनच्या सेल्डिंगर यांनी धमनीत सुई व तारेच्या आधारे नळी सरकविण्याची पद्धत प्रसिद्ध केली. (यंत्र सुरू असताना निरोगी धमन्यांच्या रुग्णाचीही नाडी सहसा लागत नाही, हे येथे ध्यानात घ्यावे.) मांडीच्या धमनीतून दाब मोजणे त्यामुळे सुकर झाले. परंतु उदरातील महाधमनीही अरुंद असेल तर मांडीचा आकडाही फसवा ठरतो. म्हणून कोणत्या धमन्या खुल्या आहेत, हे शस्त्रक्रियेपूर्वीच चित्रणाद्वारे पाहिले जाऊ लागले. १९७७ मध्ये योब्सिस यांनी अवरक्तसमीप प्रकाशाने मेंदूतील प्राणवायूचा अंदाज घेता येतो हे दाखविले. पुढे त्यावरून विकसित झालेल्या उपकरणांमुळे भूलतज्ज्ञाची नजर मनगटावरून रुग्णाच्या कपाळावर लावलेल्या संवेदकाकडे वळली.